ड्रोन उडवण्याआधी पान उलटून बघा

प्रति,
मा. कृषी आयुक्त, महाराष्ट्र राज्य, पुणे
आणि महाकृषी-एआय धोरण राबवणारी सर्व मंडळी

स.न.वि.वि.

जून 2025 मध्ये मंत्रिमंडळाने महाकृषी-एआय धोरण मंजूर केलं आणि पहिल्या तीन वर्षांसाठी 500 कोटी रुपये ठेवले. तेव्हापासून आमच्या निफाड-दिंडोरीकडे ड्रोनवाल्यांची वर्दळ वाढली आहे. कुणी गटाच्या बैठकीत पडद्यावर लाल-पिवळे-हिरवे नकाशे दाखवतं, कुणी म्हणतं पानाचा फोटो टाका, दोन सेकंदांत रोग सांगतो. ऐकायला छान वाटतं. माझा या तंत्राला विरोध नाही, उलट ते नीट झालं तर पहिला फायदा आम्हा द्राक्षवाल्यांचाच आहे. छाटणीपासून काढणीपर्यंत औषधांवर जेवढा पैसा आम्ही ओततो तेवढा क्वचितच कुठल्या पिकावर ओतला जात असेल. मागणं एकच आहे: ड्रोनच्या उड्डाणांवर जेवढा खर्च कराल, त्याच्या दुप्पट खर्च बागेत उभं राहून रोगाची खात्री करणाऱ्या माणसांवर आणि त्यांनी खात्री केलेल्या फोटोंवर करा. तेही आधी करा, उड्डाणं मग.

असं का म्हणतो ते डाऊनी या द्राक्षाच्या बुरशीजन्य रोगावरून सांगतो, कारण आमची झोप उडवणारा रोग तोच.

ऑक्टोबर छाटणीनंतरचे पहिले चाळीस-पन्नास दिवस डाऊनीचे. पोंगा फुटला, कोंब वाढले, घड दिसायला लागले आणि तेवढ्यात दोन दिवस पाऊस किंवा दाट धुकं पडलं, की गाठलंच समजा. 2019 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधल्या अवकाळीने नाशिक जिल्ह्यात काय केलं हे आपल्या खात्याच्या पंचनाम्यांत आहे. हा रोग पानाच्या वरच्या बाजूला आधी फिकट पिवळसर, तेल सांडल्यासारखा डाग दाखवतो. तो डाग पोषण कमी पडलं, औषधाचा चटका बसला तरीही दिसू शकतो. खरी ओळख पानाच्या खाली: पांढरी बुरशी. ती पहाटेच्या ओलीत दिसते, ऊन चढल्यावर फिकी पडते. संशय असला तर जुने बागायतदार काय करतात? ते पान तोडून ओल्या कागदासोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालतात, तोंड बांधून रात्रभर घरात ठेवतात. सकाळी डागाच्या मागे पांढरं आलं तर डाऊनी, नाही आलं तर बहुतेक दुसरं काही. खर्च शून्य, आणि कुठल्याही ॲपपेक्षा भरवशाचं.

आता हेच वरून बघू. वेली मांडवावर असोत की वाय आकाराच्या आधारावर, ड्रोनला दिसतो तो पानांचा वरचा थर. बुरशी पानाखाली, घड मांडवाखाली. वर आकडेमोडही आहे. सर्वेक्षणासाठी वापरल्या जाणाऱ्या चांगल्या ड्रोनच्या रंगीत कॅमेऱ्यात तीस मीटर उंचीवरून एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचा साधारण 0.8 सेंटिमीटरचा तुकडा. मल्टिस्पेक्ट्रल (डोळ्यांना न दिसणारा प्रकाशही टिपणाऱ्या) कॅमेऱ्यात तो आणखी मोठा, दीड सेंटिमीटरच्या आसपास. डाऊनीचा सुरुवातीचा डाग असतो तेवढाच. म्हणजे ज्या दिवशी फवारणीने रोग आटोक्यात येईल त्या दिवशी ड्रोनच्या फोटोत अख्खा रोग एका ठिपक्यात मावलेला असतो, आणि एका ठिपक्यावरून कुठलंही डीप लर्निंग, म्हणजे फोटोंवरून शिकणारं यंत्र, रोग ओळखत नाही. जेव्हा नकाशावर ठसठशीत लाल पट्टा उमटतो तेव्हा तो बघायला ड्रोन लागत नाही, बांधावरूनही दिसतो.

नकाशावरचा लाल रंग म्हणजे तरी काय? बहुतेक वेळा तो एनडीव्हीआय असतो: पान लाल प्रकाश किती शोषतं आणि जवळचा अवरक्त प्रकाश किती परतवतं याचं गणित. वेल निरोगी असेल तर आकडा वर, वेल त्रासात असेल तर खाली. पण त्रास कशाचा, हे त्या आकड्यात नाही. पाणी कमी पडलं, सूत्रकृमी लागली, चुनखडीच्या जमिनीत लोह मिळेना म्हणून पानं पिवळी पडली, सगळ्यांचा रंग तोच. मागच्या हंगामात एका कंपनीने (नाव घेत नाही) आमच्या एका प्लॉटवर ड्रोन फिरवून नकाशा दिला. दक्षिणेच्या कोपऱ्यात लाल डबकं आणि शेजारी शेरा: रोगाची शक्यता जास्त. जाऊन पाहिलं तर तिथल्या ठिबकच्या नळीचे ड्रिपर क्षाराने चोंदले होते. वेली तहानलेल्या होत्या, बाकी ठणठणीत. त्याच आठवड्यात पूर्वेकडच्या ओळींत, शेजाऱ्याच्या झाडांच्या सावलीत, पानं उलटली तर डाऊनी बसलेली. नकाशात ती बाजू हिरवीगार. कंपनीला कळवलं तर उत्तर आलं की मॉडेल शिकतंय.

शिकतंय, ठीक. पण कशावर शिकतंय, याचं उत्तर मला कुठल्याही सादरीकरणात मिळालं नाही, म्हणून स्वतःच शोधत बसलो.

पिकांच्या रोगांवर जगभर वापरला जाणारा सर्वांत प्रसिद्ध फोटोसंच म्हणजे प्लँटव्हिलेज. 54,306 फोटो, 14 पिकं, 26 रोग. 2016 मध्ये त्यावर शिकवलेल्या मॉडेलने त्याच संचातले बाजूला ठेवलेले फोटो 99.35 टक्के अचूक ओळखले. पुढची दोन-तीन वर्षं ज्याच्या-त्याच्या सादरीकरणात हाच आकडा होता. त्याच संशोधकांनी त्याच लेखात दुसराही आकडा दिला होता, तो मात्र कुणी दाखवत नाही: वेगळ्या परिस्थितीत काढलेल्या फोटोंवर अचूकता जेमतेम 31 टक्क्यांवर आली. कारण साधं आहे. त्या संचातली पानं तोडून, एका रंगाच्या पार्श्वभूमीवर ठेवून, एकसारख्या उजेडात काढलेली आहेत. पासपोर्ट फोटो दाखवून माणूस ओळखायला शिकवायचं आणि मग पंढरपूरच्या गर्दीत सोडायचं, तसा हा प्रकार. 2022 मध्ये एका संशोधकाने गंमतच केली: पानाकडे न बघता फोटोच्या पार्श्वभूमीचे फक्त आठ पिक्सेल घेऊन मॉडेल शिकवलं, तरी ते 49 टक्के बरोबर आलं. नुसता अंदाज मारला असता तर तीन टक्केही आलं नसतं. म्हणजे यंत्र रोग नाही, फोटो कुठे काढला ते ओळखत होतं.

आपल्या दृष्टीने त्याहून मोठी गोष्ट पुढे आहे. त्या संचात द्राक्षाचे रोग आहेत ते ब्लॅक रॉट, एस्का आणि पानावरचा एक करपा. डाऊनी नाही. भुरी नाही. नाशिक, सांगली, सोलापूरच्या बागायतदाराला रात्री जागवणारे दोन्ही रोग त्यात नाहीत! सोयाबीन आहे, पण फक्त निरोगी पानं. 2023 ला विदर्भात ज्याने सोयाबीन पिवळं केलं त्या मोझॅकचा एकही फोटो नाही. डाळिंब नाही, म्हणजे तेल्या नाही. कापूस नाही, तूर नाही, कांदा नाही, ऊस नाही. संत्रं आहे, पण एकाच रोगासह. हा कुणाचा दोष नव्हे. अमेरिकेत काम करणाऱ्यांनी त्यांना मिळाली ती पानं घेतली. पण उद्या कुणी आपल्याकडे येऊन त्याच पायावर उभं केलेलं मॉडेल विकत असेल, तर ते कशावर शिकलंय हे निविदेत विचारणं आपलं काम आहे. गांधीनगरच्या आयआयटीतल्या मंडळींनी 2020 मध्ये प्लँटडॉक नावाचा संच केला, शेतातल्यासारखे खरे फोटो घेतले, पण तो 2,598 फोटोंचा आणि ते इंटरनेटवरून जमवलेले. सुरुवात म्हणून कौतुक, राज्याचं धोरण उभं करायला ते पुरेसं नाही.

हे सगळं होत नाही असं मी म्हणत नाही. होतं, पण त्याला काय लागतं ते बघा. कॉर्नेल विद्यापीठाच्या गटाने 2018 मध्ये मक्याच्या एकाच करप्यासाठी, नॉर्दर्न लीफ ब्लाइटसाठी, फोटोसंच खुला केला. 18,222 फोटो, आणि त्यांच्यावर जाणकार माणसांनी एकेक करून रेघ ओढून दाखवलेले 1,05,705 डाग. ड्रोन तीस मीटरवरून नाही, सहा मीटरवरून उडवला. एक पीक, एक रोग, लाखावर खुणा. तेव्हा कुठे यंत्राला शेतातला डाग दिसायला लागला, तोही मक्याच्या वरच्या पानांवरचा, काही सेंटिमीटर ते वीतभर लांबीचा, आकाशाकडे तोंड करून असलेला. इटलीच्या पुलिया भागात ऑलिव्हची झाडं झायलेला नावाच्या जिवाणूने मरत होती. तिथे विमानातून हायपरस्पेक्ट्रल (प्रकाशाचे अनेक बारीक पट्टे वेगळे टिपणारे) आणि उष्णतेचे कॅमेरे फिरवून, डोळ्यांना लक्षण दिसायच्या आधीच रोगट झाडं 80 टक्क्यांहून जास्त अचूकतेने ओळखल्याचं 2018 मध्ये प्रसिद्ध झालं. फार मोठं काम. पण त्याच्याही मुळाशी जमिनीवरून झाडं तपासणारी माणसं आणि प्रयोगशाळेतल्या चाचण्या होत्या. फोटोवरचा शेरा खरा असेल तरच यंत्र खरं शिकतं, तो खोटा असेल तर कितीही भारी मॉडेल घ्या.

आणि अचूकतेचा आकडा. नऊ बाय पाच फुटांवर लागवड असली तर एकरात 968 वेली बसतात. समजा दहा वेलींवर डाऊनी आली आहे. एखादं यंत्र काहीही न बघता 'सगळं निरोगी' म्हणालं तरी त्याची अचूकता 99 टक्क्यांच्या आसपास भरते, आणि बाग आठवडाभरात हातची जाते. म्हणून 'आमचं मॉडेल 97 टक्के अचूक' हे वाक्य मला काहीच सांगत नाही. मला दोन गोष्टी हव्यात: दहापैकी किती रोगट वेली धरल्या, आणि किती निरोगी वेलींना उगाच रोगट म्हटलं. आता दुसरं यंत्र घ्या. त्याने दहापैकी नऊ धरल्या, पण निरोगी 958 पैकी पाच टक्क्यांना, म्हणजे 48 वेलींना, चुकून रोगट म्हटलं. हाती 57 खुणा आल्या, त्यातल्या नऊ खऱ्या. या यादीवर जाऊन फवारलं तर मूर्खपणा. पण हीच यादी हातात घेऊन पानं उलटायला निघालो, तर 968 ऐवजी 57 वेली बघायच्या, तासाभराचं काम! तेच यंत्र, तोच आकडा. फवारणीला निरुपयोगी, फिरण्याला सोन्यासारखं. ड्रोन 'कुठे' ते सांगेल, 'काय' ते माणसाने सांगायचं. ही वाटणी धोरणात लिहून टाकली तर अर्धी भांडणं मिटतील.

(याच्या उलट घडतंय म्हणून एक कडू गोष्ट. जो ॲप देतो तोच औषध विकत असेल, तर त्याला खोट्या खुणांची चिंता का असावी? त्याचा तर प्रत्येक खुणेमागे एक डोस खपतो. आणि जास्तीचा डोस आम्हाला नुसता खर्चात पडत नाही, युरोपच्या रेसिड्यू, म्हणजे औषधाच्या अवशेषांच्या, तपासणीत पडतो. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट या वाढरोधकाच्या अवशेषांवरून आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडकले ते अजून कुणी विसरलेलं नाही. रोगनिदान करणारा आणि औषध विकणारा एकच नको, ही अट सरकारी पैशाला तरी घाला.)

कुठल्या रोगापासून सुरुवात करायची हेही ठरवायला हवं, आणि ते कुठल्या पिकाचा राजकीय आवाज मोठा यावर नको. लक्षण आकाशाकडे दिसतं का, आणि दिसल्यावर करण्यासारखं काही उरतं का, हे दोनच प्रश्न विचारा. जळगावच्या रावेर-यावलमध्ये केळीवर हरण्या हा विषाणूजन्य रोग येतो. तो वरच्या, कोवळ्या पानांवर दिसतो, एकेक झाड वेगळं दिसतं आणि उपाय म्हणजे ते झाड उपटून नष्ट करणं. ड्रोनसाठी याहून चांगलं पीक नाही. सोयाबीनचा पिवळा मोझॅक वरून दिसतो, सुरुवातीची झाडं उपटली तर पुढचं वाचतं, तिथेही जमेल. उलट कपाशीची गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत असते. तिच्यासाठी ड्रोन उडवणं म्हणजे पैसे उडवणं. तिथे पतंग पकडणारा कामगंध सापळा आणि डोमकळी (अळी लागलेली मिटलेली फुलं) वेचणारी माणसंच हवीत. कपाशीचा लाल्या वरून झकास दिसतो, पण कधी मॅग्नेशियम कमी, कधी रात्रीची थंडी, कधी पाण्याचा ताण; रोग म्हणून त्याच्यावर फवारणी सुचवणारं यंत्र आधी बंद करा. आणि आमची डाऊनी? तिच्यासाठी ड्रोनपेक्षा महसूल मंडळातलं हवामान केंद्र आणि पान किती तास ओलं राहिलं याचा अंदाज जास्त कामाचा, कारण डाऊनीत फवारणी डाग दिसण्याआधी व्हावी लागते. द्राक्षवाला असून मी हे लिहितोय याची नोंद घ्यावी.

आता माणसं कुठून आणायची? ती आपल्याकडे आहेत. विदर्भ-मराठवाड्यात 2008 मध्ये सोयाबीनवर स्पोडोप्टेरा या पानं खाणाऱ्या अळीचा उद्रेक झाला, त्यानंतर 2009-10 पासून क्रॉपसॅप सुरू झालं. शेतात जाऊन ठरावीक झाडांवर किडी मोजणारे सर्वेक्षक, त्यांची नोंद, त्यावरून सल्ला. पुढे फळपिकांसाठी हॉर्टसॅप आलं. हे आपल्या खात्याचं काम आहे आणि देशाने त्याची दखल घेतली आहे. या सर्वेक्षकांना आणि कृषी सहायकांना मोबाइल आहे, जागा माहीत आहे, शेतकरी माहीत आहे. त्यांच्या नोंदीला फोटो जोडायला सांगा: पान वरून, तेच पान खालून, वेल दुरून, सोबत तारीख, वाण, छाटणीनंतरचे दिवस आणि शेवटची फवारणी कशाची. संशयित पान रात्रभर पिशवीत ठेवून सकाळचा फोटो वेगळा. मग मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्रातल्या, सोलापूरच्या डाळिंब केंद्रातल्या आणि चारही कृषी विद्यापीठांतल्या रोगतज्ज्ञांपैकी दोघांनी एकमेकांचं न बघता शेरा द्यायचा. जुळला तर पक्का. जुळला नाही तर तो फोटो फेकायचा नाही, 'खात्री नाही' म्हणून ठेवायचा. कारण यंत्रालाही 'मला खात्री नाही, बघून या' म्हणता आलं पाहिजे. आजची ॲप कांद्याच्या पातीचा फोटो टाकला तरी ठामपणे द्राक्षाचा रोग सांगून मोकळी होतात.

या कामाचे पैसे द्या. फोटोमागे द्या, पक्क्या शेऱ्यामागे द्या. कृषी सहायकाच्या अंगावर आधीच पीकविमा, पंचनामे, डीबीटी आणि निवडणुकीची कामं आहेत. त्यात 'हेही जरा बघा' म्हणून टाकलं तर सगळे फोटो एकाच बांधावरून एकाच दुपारी काढलेले येतील. कृषी पदविकेची मुलं गावोगाव बसून आहेत. लाखो रुपयांचा ड्रोन घ्यायचा आणि पान उलटणाऱ्याला रोजंदारीही द्यायची नाही, हे गणित कुठल्याही धोरणात बसायला नको. नमो ड्रोन दीदी योजनेत केंद्राने 15,000 बचत गटांसाठी 1,261 कोटी ठेवले, ते ड्रोन प्रामुख्याने फवारणीचे. फवारायचं कुठे हे सांगणारी माहिती कोण गोळा करणार, हा प्रश्न तिथेही आहेच.

निविदा काढाल तेव्हा तपासणी कशी करायची तेही लिहा. कंपन्या एकाच बागेवरून घेतलेला मोठा नकाशा तुकडे करून, काही तुकडे शिकवायला आणि शेजारचे तपासायला वापरतात. एकाच वेलीचं अर्धं पान शिकवणीत आणि अर्धं परीक्षेत. त्यावर 98 टक्के आले नाहीत तरच नवल. अट अशी ठेवा की शिकवायचं निफाडात आणि परीक्षा तासगावात. शिकवायचं या हंगामात आणि परीक्षा पुढच्या हंगामात. परीक्षेचे फोटो कंपनीला आधी दिसणार नाहीत, ते विद्यापीठाकडे कुलूपबंद राहतील. निकाल पिकानुसार आणि रोगानुसार जाहीर करा, नापास झालेल्यांसकट. आणि परीक्षेतल्या आकड्यांवर पैसे द्या, किती एकरांवर उड्डाण झालं त्यावर नाही. एकरावर पैसे दिले तर एकरं भरतील. आपल्या राज्यात ठिबकपासून शेततळ्यापर्यंत हे आपण पाहिलेलं आहे.

शेवटचं, बागेच्या नकाशाच्या मालकीचं. धोरणात शेतीच्या माहितीची देवघेव करणारं राज्यस्तरीय व्यासपीठ आहे. चांगलं आहे, पण माझ्या बागेत रोग किती हे काढणीच्या पंधरा दिवस आधी व्यापाऱ्याच्या मोबाइलवर गेलं, तर भाव बागेत येण्याआधीच पडलेला असेल. निर्यातीच्या प्लॉटला अपेडा या केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेकडे नोंदणी क्रमांक असतोच. तो आणि रोगाचा नकाशा एकत्र जोडणं दहा मिनिटांचं काम. संशोधनासाठी फोटो खुले असावेत, पण गट नंबर आणि नाव काढून. कुणाला काय दाखवायचं याची परवानगी शेतकऱ्याने द्यायची, आणि ती मराठीत, एका पानावर, नाही म्हणता येईल अशी. नाही म्हणणाऱ्याचा सल्ला बंद व्हायला नको.

बाकी तपशिलाचं आपले शास्त्रज्ञ माझ्याहून चांगलं सांगतील. माझी विनंती आहे की पहिलं वर्ष संपताना दोन आकडे संकेतस्थळावर टाकावेत: उड्डाणांवर किती खर्च झाला, आणि बांधावरच्या तपासणीच्या मेहनतान्यावर किती. तालुक्यानुसार टाकले तर उत्तम. निफाडचे आकडे मी स्वतः गावोगाव जाऊन पडताळून बघेन.

कळावे,
आपला,
निफाड तालुक्यातला एक द्राक्ष बागायतदार